लिब्सची शोधमर्यादा ८ पीपीएम आली, मग ३१ पीपीएम शिसं का दिसत नाही?

तांबडमाती | २ ऑगस्ट, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र होते, आज अडले म्हणून धागा काढतेय.

मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातली. एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत प्रकल्पावर आहे. डिचोली-सत्तरी भागातल्या जांभ्याच्या मातीत शिसं किती आहे ते मोजायचं, आणि तेही माती आम्लात न विरघळवता, लेझरने. यंत्र लिब्सचं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: माती वाळवून, दळून, दाबून तिची पेलेट करायची. तिच्यावर टाचणीच्या टोकाहून लहान जागी काही नॅनोसेकंदांचा लेझरचा ठोका मारायचा. तिथली माती उडते, तिचा प्लाझ्मा होतो, बारीकशी ठिणगी दिसते. ती निवत जाते तसं प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या तरंगलांबीचा प्रकाश सोडतं. शिशाची मी धरलेली रेषा ४०५.७८ नॅनोमीटरची. रेषा जितकी उंच तितकं शिसं जास्त. प्रज्ञान रोव्हरने २०२३ च्या ऑगस्टमध्ये चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ गंधक शोधलं, ते याच तंत्राने.

आता दुखणं सांगते. बागायतीतली माती घेतली, तिच्यात लेड नायट्रेटचं द्रावण मोजून घातलं, ५०, १००, २०० आणि ५०० पीपीएमच्या पेलेट केल्या. (पीपीएम म्हणजे किलोभर मातीत एक मिलिग्रॅम.) आलेख अगदी सरळ आला. चढ ४ काउंट प्रति पीपीएम (काउंट म्हणजे यंत्राने मोजलेली रेषेची उंची). मग काही न घातलेल्या मातीच्या एका पेलेटवर, शिशाच्या रेषेशेजारच्या सपाट भागातला गोंगाट दहा वेळा मोजला. सिग्मा, म्हणजे मापं सरासरीभोवती किती पसरतात ते, ११ काउंट. तीन सिग्मा भागिले चढ, म्हणजे ३३ भागिले ४. शोधमर्यादा, म्हणजे जिच्या खालचं शिसं गोंगाटातून ओळखता येत नाही ती, ८ पीपीएम! त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला.

पुढच्या आठवड्यात एका नमुन्याचा बाहेरून केलेला आयसीपी-एमएसचा (नमुना आम्लात विरघळवून करायच्या, खूप कमी प्रमाणही धरणाऱ्या चाचणीचा) निकाल आला, ३१ पीपीएम. त्याच मातीच्या दहा पेलेट केल्या, तर तिघींत शिसं नाही. आठ दिसणाऱ्या यंत्राला एकतीस दिसत नाही? सर म्हणतात फोकस बघ. फोकस बघून बघून डोळ्यांना पाणी आलं.

खवचट_खुबे | २ ऑगस्ट, रात्री १०.३२

चहाचे पैसे परत मागा.

रात्रपाळी_वेर्णा | ३ ऑगस्ट, पहाटे ३.०५

औषध कंपनीत क्यूसीला (गुणवत्ता तपासणीला) आहे, लिब्स कधी हाताळलेलं नाही, आयसीपी-एमएस रोजचं. पण शोधमर्यादा हा आमचा नेहमीचा डोकेदुखीचा विषय म्हणून लिहितो. आमच्याकडे आयसीएच क्यू२ या औषधांच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीप्रमाणे ३.३ सिग्मा भागिले चढ ही शोधमर्यादा आणि १० सिग्मा भागिले चढ ही मापनमर्यादा (जिच्या वर आकडा खात्रीने सांगता येतो ती). तुमचं सूत्र बरोबरच आहे. प्रश्न सूत्रात काय घातलंत याचा आहे. दोन गोष्टी विचारतो:

तुमचा कोरा नमुना कोणता? आणि ते दहा वेळा म्हणजे नक्की काय दहा वेळा?

आम्ही ब्लँक म्हणतो तेव्हा नुसतं शुद्ध पाणी नसतं. तेच आम्ल, तीच बाटली, तोच हातमोजा, तोच माणूस, फक्त औषध नाही. असे वेगवेगळे बनवलेले दहा. एकच ब्लँक दहा वेळा वाचला तर यंत्राचा हात किती स्थिर आहे एवढंच कळतं, तुमचा नाही.

तांबडमाती | ३ ऑगस्ट, सकाळी ८.४०

कोरा नमुना म्हणजे काही न घातलेली तीच माती. आणि दहा वेळा म्हणजे एकाच पेलेटवर, एकाच दुपारी, सलग. आता लिहितानाच कसंतरी वाटतंय.

डिचोलीकर | ३ ऑगस्ट, दुपारी १२.२०

बाय, लाज वाटून घेऊ नकोस. मी खाणीच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली. खनिजातलं लोह, सिलिका, ॲल्युमिना आणि फॉस्फरस, बार्जमध्ये माल चढायच्या आधी. पहिली बारा वर्षं ब्युरेट आणि क्रुसिबल, मग एक्सरे फ्लोरोसन्सचं यंत्र आलं. लेझर आमच्या नशिबी आला नाही, पण दुखणं ओळखीचं आहे.

पहिली गोष्ट. न घातलेली माती कोरी कशी? पृथ्वीच्या कवचातच शिसं सरासरी पंधरा-सतरा पीपीएम असतं. तुझ्या बागायतीतल्या मातीतही काही ना काही असणारच. तू शून्य म्हणून जी पेलेट ठेवलीस ती शून्य नाही.

दुसरी. तू गोंगाट मोजलास रेषेच्या शेजारी, सपाट जागेत. पण शिशाची रेषा बसते ती जागा सपाट आहे का? आमच्या मातीत लोह किती ते तुला सांगायला नको, तांबडा रंग कशाचा आहे? लोखंडाच्या रेषा वर्णपटात मुंग्यांसारख्या. शिशाच्या खाली एखादी मुंगी असली तर ती रोज वेगळी हलणार. तुझा खरा गोंगाट तिथे आहे.

तिसरी, ही मी भोगलेली. द्रावण घालून केलेली माती आणि खरी माती एक नव्हे. द्रावण वाळलं की शिसं कणांच्या अंगावर बसतं, पोळीवर तूप लावल्यासारखं. खऱ्या मातीत ते पिठात मळलेलं असतं, लोहाच्या ऑक्साइडच्या पोटात. तुझा लेझर वरचं वर चाटतो. त्याला तूप आधी लागणार. तेव्हा तो चढ ४ तुपाचा आहे, पोळीचा नाही.

शिसं घालू नकोस. शिशाची माती शोध आणि ती पातळ कर. जुन्या हमरस्त्याच्या कडेची घे. शिसेयुक्त पेट्रोल देशात २००० साली बंद झालं, पण मातीत पडलेलं शिसं कुठे जात नाही.

वर्णपट | ३ ऑगस्ट, रात्री ९.५०

डिचोलीकर काकांना साष्टांग. माझी पीएचडी लिब्सवर झाली, आता पोटासाठी दुसरंच करतो. त्यांच्या मुंग्यांना नाव-गाव देतो.

४०५.७८ च्या अगदी अंगाला लोहाची एक रेषा आहे आणि मँगेनीजचीही. दोन्ही तशा कमजोर. कमी लोहाच्या मातीत त्यांच्याकडे कुणी बघणार नाही. पण जांभ्यात लोह टक्क्यांत मोजायचं, आणि तुम्ही शोधताय लाखातले तीन भाग. हजारपट कमजोर रेषासुद्धा हजारपट जास्त अणू असले की तुमच्या शिशाएवढी उंच उठते. वरून ती स्थिरही नसते. प्लाझ्माचं तापमान एका ठोक्याला जरा वर, दुसऱ्याला जरा खाली, त्याप्रमाणे ती उठते-बसते. शेजारच्या सपाट जागेला हे काहीच कळत नाही.

आता वेळेचं. ठिणगी पडल्यावर पहिला मायक्रोसेकंदभर नुसता पांढरा उजेड असतो, सगळ्या तरंगलांबींचा, दहा हजार अंशांच्या वरचा. त्यात रेषा बुडतात. तो ओसरेपर्यंत कॅमेऱ्याने डोळा मिटून घ्यायचा. तुमच्या यंत्रात हा उशीर किती ठेवलाय? शोधमर्यादा अर्धी तिथे ठरते. लवकर उघडलात तर उजेडाचा गोंगाट, उशिरा उघडलात तर रेषाच विझलेली.

आणि एक हिशेब करून बघा. एका ठोक्याला उडणारी माती साधारण एक मायक्रोग्रॅम धरा. तिच्यात ३१ पीपीएमने शिसं किती? एकतीस पिकोग्रॅम. ते सारखं पसरलेलं नसतं, एखाद्या कणात गच्च आणि शेजारच्या शंभर कणांत काही नाही. तुमच्या तीन पेलेटांत लेझर ज्या जागी पडला तिथे तो कण नव्हता, इतकंही कारण पुरतं. ठोके किती मारता? फिरवत मारता की एकाच खड्ड्यात?

(चंद्रावरच्या गंधकाबद्दल जाता जाता. गंधकाच्या ठळक रेषा १८० नॅनोमीटरच्या आसपास आहेत, आणि तो प्रकाश हवेतला ऑक्सिजन गिळतो. म्हणून पृथ्वीवर लिब्सने गंधक धरणं त्रासाचं. चंद्रावर हवाच नाही. एकच यंत्र, एकच मूलद्रव्य, पण पणजीत एक शोधमर्यादा आणि चंद्रावर दुसरी.)

तांबडमाती | ३ ऑगस्ट, रात्री १०.३०

उशीर १ मायक्रोसेकंद. ठोके पन्नास, पण एकाच जागी. यंत्राच्या माहितीपत्रकात शिसं २ पीपीएम असं छापलंय, म्हणून मला ८ म्हणजे साधारणच वाटले होते.

वर्णपट | ३ ऑगस्ट, रात्री १०.४१

कशातलं शिसं २ पीपीएम? ते छापलेलं नसणार. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत असेल, गुळगुळीत पॉलिश केलेल्या. तिथे येईलही. अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेच्या लोकांनी १९९६ मध्ये वाळू आणि माती यांतलं शिसं आणि बेरियम लिब्सने मोजलं होतं. शिशाची शोधमर्यादा वाळूत १७ पीपीएम आणि मातीत ५७. बेरियमचं उलटं, वाळूत ७६ आणि मातीत ४२. शिसं नायट्रेट म्हणून आहे की ऑक्साइड की कार्बोनेट, याने संकेत बदलतो हेही त्यांनी तेव्हाच दाखवलं. काकांचं तूप आणि पोळी.

माशेलची मावशी | ४ ऑगस्ट, सकाळी ७.१५

मला यातलं अर्धंच कळलं, पण भीती पूर्ण वाटली. आमचं कुळागर (माडा-पोफळींची बाग) रस्त्याला लागून. दारासमोर तांबडी भाजी लावते, चवथीला (गणेशचतुर्थीला) माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या चौकटीला, बांधायचं सामानही तिथलंच. बाय, तुझ्या लेझरखाली माझी भाजी धरलीस तर चार दिवसांत सांगशील का शिसं आहे की नाही?

तांबडमाती | ४ ऑगस्ट, सकाळी ९.००

मावशी, खरं सांगायचं तर नाही सांगू शकणार. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात पालेभाजीत शिसं किलोला ०.३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. म्हणजे ०.३ पीपीएम. मी इथे ३१ वर रडतेय. माझ्या यंत्राने तुमची भाजी नक्की "पास" होईल, कारण त्याला तेवढं दिसतच नाही. शिशाने भरलेली भाजीसुद्धा पास होईल. भाजी आम्लात विरघळवून आयसीपी-एमएसनेच तपासायला हवी. तोवर भाजी दोन-तीन पाण्यांत खळखळून धुवा, रस्त्याची धूळ पानावर असते ती जाते.

डिचोलीकर | ४ ऑगस्ट, सकाळी ११.०५

मावशींनी नकळत मुद्द्यावर बोट ठेवलं. एक जुनी गोष्ट सांगतो, गाव आणि कंपनी दोन्ही सांगत नाही.

खाणी जोरात होत्या तेव्हाची जनसुनावणी. मंडपात पंखे गरगरत होते. अहवालात ओढ्याच्या पाण्याचा तक्ता होता आणि शिसं, कॅडमियम, क्रोमियम, सगळ्यांपुढे तीनच अक्षरं, बीडीएल. शोधमर्यादेच्या खाली. गावातला एक मास्तर उठला आणि विचारलं, खाली म्हणजे कशाच्या खाली? मंचावरच्या माणसाने सांगितलं, मास्तर, म्हणजे नाही. टाळ्या पडल्या, पुढचा विषय.

मी मागे बसलो होतो. ते विश्लेषण कुठल्या यंत्रावर झालं ते मला ठाऊक होतं. ज्वालेवर चालणारं साधं ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन, शिशाला तेव्हा ते फार तर लिटरला ०.१ मिलिग्रॅमपर्यंत धड जायचं. पिण्याच्या पाण्याची मर्यादा आज ०.०१ आहे. दहापट शिसं असतं तरी कागदावर बीडीएलच आलं असतं. पाणी वाईट होतं असं मी म्हणत नाही. कदाचित चांगलंच असेल. त्या तक्त्यावरून काहीच कळत नव्हतं, एवढंच. मी उठून बोललो नाही. नोकरी होती.

तेव्हापासून बीडीएलच्या पुढे कंसात आकडा नसेल तो अहवाल मी वाचत नाही.

माशेलची मावशी | ४ ऑगस्ट, सकाळी ११.४०

बरं झालं विचारलं. मास्तर कुठले होते हो? आमच्या ओळखीचे तर नव्हेत.

खवचट_खुबे | ४ ऑगस्ट, दुपारी १.१०

माझ्या खिशातले पैसेही बीडीएल.

आकडेमोड | ४ ऑगस्ट, रात्री ११.२०

म्हापशात संख्याशास्त्र शिकवतो. इथे आकडे दिसले की मला झोप येत नाही.

तीन सिग्मा कुठून आले? जर्मनीच्या कायझरने १९४७ मध्ये वर्णपटशास्त्रासाठी मांडले, पुढे सत्तरच्या दशकात आयुपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने उचलले. बऱ्याच प्रयोगशाळा तिथेच थांबल्या. पण १९६८ मध्ये लॉइड करी या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने एक साधा प्रश्न सोडवला. आपण दोन वेगळे प्रश्न एकाच आकड्याने विचारतोय, असं त्याचं म्हणणं.

पहिला प्रश्न मोजून झाल्यावरचा. हा जो संकेत आला तो कोऱ्या नमुन्यातूनही येऊ शकला असता का? शंभरातले पाच खोटे होकार चालतील असं धरलं तर उंबरठा १.६४५ सिग्मा. त्याच्या वर संकेत गेला की "आहे" म्हणायचं.

दुसरा प्रश्न मोजायच्या आधीचा. किती शिसं असलं म्हणजे माझी पद्धत ते चुकवणार नाही? शंभरातले पाचच खोटे नकार हवे असतील तर ३.२९ सिग्मा. शोधमर्यादा ही. (कोरा नमुना दर वेळी नव्याने मोजून वजा करत असाल तर दोन्ही आकड्यांना दोनच्या वर्गमुळाने गुणा.)

आता गंमत. तुम्ही तीन सिग्मा हाच उंबरठा ठेवलात आणि नेमकं तीन सिग्माएवढं शिसं असलेली माती आणली, तर काय होईल? निम्म्या वेळा संकेत उंबरठ्याच्या वर, निम्म्या वेळा खाली. म्हणजे शोधमर्यादेवर बरोबर बसलेला नमुना तुमचं यंत्र नाणं उडवून ओळखेल. "८ पीपीएमपर्यंत दिसतं" या वाक्याचा हा अर्थ बहुतेकांना माहीत नसतो.

तुमच्या ३१ च्या दहा पेलेटांतल्या तीन हरवल्या, यावरून उलट हिशेब करता येईल. त्या दहांचे काउंट द्याल का? "आहे-नाही" नको, काउंट द्या. आणि डिचोलीकर म्हणतात तशा खऱ्या कोऱ्या पेलेटांचेही.

तांबडमाती | ५ ऑगस्ट, सकाळी ८.२०

कोरा जांभा आणू कुठून? शिसं नसलेली माती गोव्यात मिळत नाही, जगात कुठेच मिळत नाही.

रात्रपाळी_वेर्णा | ५ ऑगस्ट, दुपारी ४.००

अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेची प्रमाणित माती विकत मिळते. २७०९ए मध्ये शिसं १७.३ पीपीएम, २७११ए मध्ये १४००. महाग आहे, पण ऑडिटला कुणी बोट दाखवणार नाही.

डिचोलीकर | ५ ऑगस्ट, सायंकाळी ६.१५

ऑडिटला नाही दाखवणार, पण लोखंड दाखवेल. त्या दोन्ही मातींत लोह तीन टक्क्यांच्या आसपास. आमच्या जांभ्यात पंचवीस-तीस टक्के सहज. अमेरिकेच्या मातीवर काढलेली शोधमर्यादा सत्तरीत लावायची म्हणजे उंडे पावाच्या वजनावरून पोळीची किंमत ठरवण्यासारखं. यंत्र नीट आहे का हे बघायला त्या माती ठेव, मर्यादा काढायला नको.

कोरा जांभा बनवायचा. जांभा म्हणजे शेवटी काय? हेमॅटाइट, गोएथाइट, केओलिन, थोडं गिब्साइट, थोडी वाळू. शुद्ध फेरिक ऑक्साइड, केओलिन आणि दळलेलं क्वार्ट्झ घे. तुझ्या मातीएवढंच लोह येईल असं मिसळ. फेरिक ऑक्साइडच्या बाटलीवर शिशाची कमाल मर्यादा छापलेली असते, ती वाचून घे. काही बाटल्यांत ती बरीच असते, आणि मग कोऱ्याच नमुन्यात शिसं.

वर्णपट | ५ ऑगस्ट, रात्री ९.०५

आणि ठोके एका खड्ड्यात मारू नका. पेलेट फिरवा, पन्नास ठोके पन्नास जागी. एकाच जागी मारलेत तर खड्डा खोल जातो, तिथला प्लाझ्मा वेगळा वागतो. पहिले एक-दोन ठोके वरची घाण जाळायला टाकून द्या.

पाऊस चालू आहे ना तिकडे? पेलेट दाबल्यावर लगेच डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा. आमच्याकडे जुलैतली पेलेट आणि जानेवारीतली पेलेट यांत संकेताचा फरक डोळ्यांना दिसायचा. लेझरची अर्धी शक्ती पाणी उकळण्यात जाते. अर्धी हा शब्द रागाने लिहिलाय, मोजलेला नाही.

तांबडमाती | २३ ऑगस्ट, रात्री ११.०५

तीन आठवडे गायब होते. मधे दोन दिवस वीज येत-जात होती, लेझर थंड ठेवणारी चिलर बंद पडली, त्यात चार दिवस गेले. आता आकडे देते.

कृत्रिम जांभा केला. फेरिक ऑक्साइडची पहिली बाटली परत केली, काका, तुम्ही म्हणालात तेच. दुसरीत बरं होतं. दहा वेगळ्या पेलेट, पाच वेगळ्या दिवशी दोन-दोन, दर वेळी माती नव्याने मिसळून. शिशाच्या रेषेच्याच जागेवर मोजलं, शेजारी नाही. सिग्मा ११ चा झाला ४६.

चढही नव्याने काढला. हमरस्त्याकडेची माती, बाहेरच्या आयसीपी-एमएसने २४० पीपीएम. ती कृत्रिम जांभ्यात पातळ करत नेली, १२०, ६०, ३०. चढ ४ चा झाला २. बरोबर निम्मा. तूप उतरलं.

म्हणजे तीन सिग्माने शोधमर्यादा ३ × ४६ ÷ २ = ६९ पीपीएम.

आकडेमोड सर, ३१ च्या पेलेटचा संकेत सरासरी ६२ च्या आसपास येतो, कोऱ्याची सरासरी वजा करून. माझा जुना उंबरठा होता ३३ काउंट.

आकडेमोड | २३ ऑगस्ट, रात्री ११.५८

थँक यू! हेच हवं होतं.

संकेत ६२, सिग्मा ४६, उंबरठा ३३. उंबरठा सरासरीच्या ०.६३ सिग्मा खाली. चारातली एक पेलेट हरवणारच. तुमच्या दहांतल्या तीन हरवल्या. फोकस निर्दोष आहे.

याहून वाईट बाजू तुम्ही पाहिलेली नाही. तोच ३३ चा उंबरठा खऱ्या कोऱ्या पेलेटांना लावा. ३३ म्हणजे जेमतेम ०.७२ सिग्मा. साधारण चारातली एक कोरी पेलेट "शिसं आहे" म्हणून ओरडेल. हरवलेलं शिसं तुम्हाला खुपलं, कारण तुम्हाला उत्तर आधीच माहीत होतं. नसलेलं शिसं सापडलं असतं तर तुम्ही ते प्रबंधात छापलं असतं.

करीच्या हिशेबाने उंबरठा ७६ काउंट, म्हणजे ३८ पीपीएम. शोधमर्यादा १५१ काउंट, म्हणजे ७६ पीपीएम.

आणि दहा पेलेटांवरून काढलेला सिग्मा स्वतःच डळमळता असतो. ९५ टक्के खात्रीने खरा सिग्मा ०.६९ पट ते १.८३ पट यांच्या मध्ये कुठेही. म्हणजे तुमचे ६९ हे ४८ ते १२६ यांतलं काहीही. कृपा करून ६८.७ लिहू नका.

तांबडमाती | २४ ऑगस्ट, सकाळी ७.५०

आता तपासलं. जुन्या उंबरठ्याने दहा कोऱ्यांपैकी दोन "शिसं आहे".

मी सरांना काय सांगू? आठाचे एकोणसत्तर झाले?

वर्णपट | २४ ऑगस्ट, सकाळी ८.३०

सांगा की मातीत ५७ छापणाऱ्यांच्या पंक्तीत जाऊन बसले. ८ छापलं असतं तर परीक्षकाने पहिला प्रश्न तोच विचारला असता.

रात्रपाळी_वेर्णा | २४ ऑगस्ट, सकाळी १०.१०

मला हे थोडं निराशावादी वाटतं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याची पद्धत बघा. अपेक्षित मर्यादेच्या जवळचे सात नमुने सुरुवातीपासून शेवटपर्यंत करायचे, त्यांचा सिग्मा गुणिले ३.१४३. सातांसाठी ९९ टक्क्यांचा टी-गुणक तो. सुटसुटीत, सगळे मानतात. इतकं तत्त्वज्ञान कशाला?

आकडेमोड | २४ ऑगस्ट, सकाळी १०.४५

ती पद्धत खोटा होकार सांभाळते, खोट्या नकाराबद्दल गप्प असते. शिवाय त्यांनीच २०१७ च्या दुरुस्तीत कोऱ्या नमुन्यांचाही हिशेब घालायला लावला. म्हणजे त्यांनाही तत्त्वज्ञान लागलंच.

रात्रपाळी_वेर्णा | २४ ऑगस्ट, सकाळी ११.२०

मान्य. पण "सुरुवातीपासून शेवटपर्यंत" हा भाग तिचाच आहे, आणि धाग्यातलं निम्मं दुखणं त्याने सुटतं हे तुम्हीही मान्य करा.

आकडेमोड | २४ ऑगस्ट, सकाळी ११.२२

केलं.

डिचोलीकर | २४ ऑगस्ट, दुपारी ३.३०

भांडू नका. पोरीला ३१ दिसायला हवं आहे, ते कसं दिसेल ते सांगा. मी सांगतो. एका मातीची एक पेलेट करून निकाल देऊ नकोस. पाच कर, सरासरी दे. गोंगाट पाचाच्या वर्गमुळाने उतरेल, ४६ चे वीस-एकवीस होतील, मर्यादा ३१ च्या आसपास येईल. आम्ही बार्जमधून खनिज उचलायचो तेव्हा एका फावड्यावर कधी भाव ठरला नाही.

आकडेमोड | २४ ऑगस्ट, दुपारी ३.५२

एक पुस्ती. वर्गमूळ तेव्हाच पावतं जेव्हा पाच पेलेट एकमेकींपासून स्वतंत्र असतात. पाचही एकाच दमट दुपारी केल्यात तर त्या दुपारची चूक पाचांत सारखीच शिरेल आणि सरासरीने तसूभर कमी होणार नाही. निदान तीन दिवसांत वाटा.

माशेलची मावशी | २४ ऑगस्ट, सायंकाळी ५.००

बाय, माझ्या भाजीची माती देऊ का तुला? भाजी नको, मातीच. रस्त्याच्या कडेची एक, आणि मागच्या विहिरीकडची एक.

तांबडमाती | २४ ऑगस्ट, सायंकाळी ५.२०

मावशी, द्या. व्यक्तिगत निरोप पाठवते. दोन्हींची अर्धा-अर्धा किलो, वेगळ्या पिशव्यांत, आणि जागा लिहून.

तांबडमाती | २१ सप्टेंबर, रात्री ९.३५

चवथ आटोपली, प्रयोगशाळा उघडली.

कोऱ्या पेलेट अजून वाढवल्या. सिग्मा आता ४३. एका पेलेटची शोधमर्यादा, तीन सिग्माने, ६५ पीपीएम. पाच पेलेटांच्या सरासरीची २९. प्रबंधात दोन्ही लिहिल्या, शेजारी पेलेट किती, दिवस किती, लोह किती टक्के, रेषा कोणती. सरांनी वाचलं, "एवढं कशाला" म्हणाले, पण खोडलं नाही.

३१ वाल्या मातीचे पाच-पाच पेलेटांचे सहा संच केले. तीन सिग्माच्या उंबरठ्याने सहांपैकी चार दिसले. करीच्या उंबरठ्याने सहाही.

मावशींच्या विहिरीकडच्या मातीत काही दिसलं नाही. त्यांना लिहून दिलंय, "२९ पीपीएमच्या खाली, किती ते माहीत नाही." रस्त्याकडेची माती ८० च्या आसपास आली. ती आयसीपी-एमएसला पाठवतेय, भाजीसकट.

डिचोलीकर | २१ सप्टेंबर, रात्री ९.५०

तो सिग्मा किती पेलेटांवर?

तांबडमाती | २१ सप्टेंबर, रात्री ९.५४

अठरा. वीस करायच्या होत्या, दोन दाबताना तडकल्या.